पहिलं वल्हं कुणी शिकवायचं

प्रिय पोरी,

तुझं लांबलचक पत्र मिळालं. आपल्या विद्यापीठाच्या रोइंग क्लबात, म्हणजे वल्हवण्याच्या क्लबात, कुणी कुणाला शिकवायचं ते ठरलं: सिनियर मुलांची बोट तुझ्या बॅचमधल्या मित्राकडे गेली, मुलींची स्पर्धेची बोट बाहेरून येणाऱ्या सरांकडे गेली, आणि पहिल्या वर्षाची सगळी नवखी पोरं तुझ्या वाट्याला आली. आता तू विचारतेस, हे काम घेऊ की प्रशिक्षक मंडळातून बाहेर पडून प्लेसमेंटच्या तयारीला लागू. पत्रातला राग मला समजतो. पण त्या रागाच्या तळाशी तू एक गोष्ट धरून चालली आहेस. सिनियर गट म्हणजे खरं काम आणि नवखे म्हणजे उरलेलं काम, असं तुला वाटतं. ते मला मान्य नाही, कधीच नव्हतं.

क्लबातला सगळ्यात जाणता माणूस नवख्यांपाशी हवा. माझं म्हणणं एवढंच आहे. या पत्रात मी तेच पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

आपल्या क्लबात मुलं येतात कुठून, याचा विचार कर. इंग्लंडातल्या एटनसारख्या शाळेतली मुलं ऑक्सफर्ड-केंब्रिजला जातात तेव्हा त्यांच्या हातात चार-पाच वर्षांचं वल्हं असतं. तरीही तिथल्या कॉलेजांचे क्लब दरवर्षी कधी बोटीत न बसलेल्यांना भरती करतात. ऑक्सफर्डला तर पहिल्याच सत्रात खास नवख्यांसाठी क्राइस्ट चर्च रेगाटा, म्हणजे बोटींच्या शर्यती, होते. आपल्याकडे शाळेत रोइंग करून आलेलं पोर किती वर्षांत एखादं दिसतं? नांदेडहून, सांगोल्याहून, जळगावहून अठरा वर्षांची मुलं येतात, त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही. क्लबाचा प्रत्येक माणूस, अगदी सिनियर बोटीची लय ठरवणारा तुझा तो स्ट्रोकसुद्धा, पहिल्या सहा आठवड्यांत कुणीतरी घडवलेला असतो. पुढचा प्रशिक्षक त्याला फक्त धार लावतो. विद्यापीठाच्या क्लबात नवख्यांचा प्रशिक्षक हाच क्लब घडवत असतो. त्या जागी आपण कुणाला बसवतो? ज्याला दुसरीकडे जागा मिळाली नाही त्याला.

तुला हे तांत्रिक अंगानेही पटायला हवं. दोन हजार मीटरच्या शर्यतीत एका बोटीत दोनशेहून अधिक वेळा वल्हं मारलं जातं. पहिल्या पाचशे मीटरला सगळेच देखणे दिसतात. तेराशे-चौदाशेच्या पुढे मांड्या पेटतात, श्वास पुरत नाही, आणि माणूस शेवटी जे शिकला ते विसरून सगळ्यात आधी जे शिकला त्यावर येतो. पहिल्या आठवड्यात ज्याने वल्ह्याची मूठ आवळून धरली, तो तिथे मूठ आवळतो. ज्याने पाय संपायच्या आत कोपर वाकवले, तो तिथे हातांनी ओढायला लागतो. ज्याला स्लाइडवर, म्हणजे सरकत्या बैठकीच्या पट्टीवर, धावत पुढे यायची सवय लागली, तो नेमका तिथेच बोटीचा वेग खातो. त्याच्या कॅचला, म्हणजे वल्हं पाण्यात रोवताना, बोट थांबल्यासारखी होते आणि उरलेल्या सात जणांना ते पाठीत जाणवतं. सिनियर प्रशिक्षक दोन वर्षं घसा फोडून ओरडतो, 'सावकाश पुढे ये.' ते सुटत नाही, कारण ते पहिल्या आठवड्यात बसलेलं असतं. म्हणून म्हणतो, जाणता माणूस तिथे हवा.

मी हे मनचं सांगत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाची आठ जणांची बोट १४ ऑगस्ट १९३६ रोजी बर्लिनजवळ ग्र्युनाउला ऑलिंपिक सुवर्ण जिंकली. इटलीला सहा दशांश सेकंदाने मागे टाकलं, जर्मनी तिसरी. नाव झालं मुख्य प्रशिक्षक अल अल्ब्रिक्सन यांचं, आणि ते योग्यच आहे. पण त्या बोटीतल्या बऱ्याच पोरांना पहिल्या वर्षी हातात घेतलं होतं टॉम बोल्स यांनी. ते फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या मुलांचे, प्रशिक्षक. त्यांचा १९३४चा पहिल्या वर्षाचा गट पकिप्सीची मोठी आंतरमहाविद्यालयीन शर्यत जिंकून आला, आणि अल्ब्रिक्सनना पुढे ज्यांच्यावर मदार ठेवता आली ती मुलं तिथून मिळाली. त्याच क्लबाच्या बोटघराच्या वरच्या माळ्यावर जॉर्ज पोकॉक बोटी बांधत असत. तो माणूस सुतार होता, वल्हेकरी होता, आणि मुलांना चार शब्द सांगणाराही होता. प्रशिक्षक मंडळ म्हणतात ते हे. मोटारबोटीतून कर्णा घेऊन फिरणारा माणूस दिसतो. पहिलं वल्हं देणारा आणि बोट नीट ठेवणारा दिसत नाहीत. बर्लिननंतर हार्वर्डने मुख्य प्रशिक्षक म्हणून कुणाला बोलावलं? बोल्सना. त्याच हार्वर्डमध्ये हॅरी पार्कर १९६३ साली मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१३मध्ये जाईपर्यंत त्या जागेवर राहिले, पन्नास वर्षं. त्यांची तिथली सुरुवातही पहिल्या वर्षाच्या मुलांपासूनच झाली.

इतकं लांब जायला नको असेल तर चांदवड तालुक्यात जा. तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, दुष्काळी गावातला मुलगा, विहिरींच्या खोदकामावर राबलेला. २०१२ साली तो खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला, तोवर रोइंग त्याने पाहिलंही नव्हतं. चार वर्षांनी तो रिओ ऑलिंपिकला एकेरी स्कलमध्ये, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी वल्हवायच्या बोटीत, भारताचा एकमेव वल्हेकरी होता, तेरावा आला. २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत सुवर्ण. चार वर्षांत हे झालं याचा अर्थ तुझ्या लक्षात येतोय का? त्याला विसरायला लावायचं असं काही नव्हतंच. खडकीत कुणीतरी उंच पोरगा हेरला आणि त्याच्या हातात वल्हं नीट दिलं. त्या पहिल्या हातांवर मी फुलं वाहीन.

आता तुझा दुसरा मुद्दा. तू मुलगी आहेस म्हणून तुला नवखे दिले, असा संशय तू लिहिला आहेस. तो मी झटकून टाकणार नाही. ऑलिंपिकमध्ये बायकांचं रोइंग आलं १९७६ला, तेही एक हजार मीटरचं. पूर्ण दोन हजार मिळायला १९८८ उजाडलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मुली पुरुषांच्याच दिवशी, पुरुषांच्याच टेम्सच्या मार्गावर २०१५पासून शर्यत करतात, आणि पुरुषांची ती शर्यत १८२९ची आहे. तेव्हा संशय घ्यायला जागा आहे. बैठकीत उभी राहा आणि विचार: कोणत्या निकषावर गट वाटले? उत्तर लेखी माग. पण त्या भांडणाची किंमत नवख्यांना द्यायला लावू नकोस. ते देणारे चुकीच्या कारणाने तुला क्लबातलं सगळ्यात मोठं काम देऊन बसले असतील, तर कारणाशी भांड, काम सोडू नकोस.

आणि बायोडेटात 'नवख्यांची प्रशिक्षक' लिहायला कसंतरी वाटतं, हे वाचून मला खरंच चीड आली. तू अंधारात उठून बोटी खांद्यावर वाहिल्यास. अर्गोवर, त्या वल्हवण्याच्या यंत्रावर, ओकेपर्यंत दोन हजार मीटर मारलेस. कुणी बघत नसताना केलंस हे सगळं. आणि आता एका ओळीसाठी अडतेस?

माझ्याबद्दल तू काहीतरी ऐकलं असणार. मला मुख्य प्रशिक्षकपद देऊ केलं होतं आणि मी नको म्हटलं. लोकांनी त्याचे अर्थ लावले: धाडस नाही, जबाबदारी नको, सरांना महत्त्वाकांक्षाच नाही. घरातही ते बोललं गेलं. मानधन वाढलं नाही, स्पर्धेला जाणाऱ्या चमूच्या यादीत नाव आलं नाही. प्रवासाची तिकिटं सिनियर प्रशिक्षकांची निघायची, त्यामुळे मी ज्यांना पहिल्यांदा बोटीत बसवलं त्या पोरांना आंतरविद्यापीठ स्पर्धेत शेवटची रेष ओलांडताना मी पाहू शकलो नाही. निकाल फोनवर यायचा. त्याची खंत आहे, अजून आहे, आणि ती तुझ्यापासून लपवावी असं मला वाटत नाही. पण निर्णय तोच होता आणि आजही तोच घेईन. मी वर गेलो असतो तर खाली कोण आलं असतं, हे मला माहीत होतं. एखादं नाराज पोर, कर्णा घेऊन. त्या वर्षीची पोरं तीन वर्षं वाकड्या पाठीने वल्हवत राहिली असती. जाणता माणूस खालीच हवा, हे मी नुसतं बोललो नाही, त्यासाठी जागा सोडली. एवढं म्हणायचा हक्क मला आहे.

गावाकडच्या शाळेतही हेच चालतं बघ: दहावीला हुशार शिक्षक, आणि पहिलीला जो मिळेल तो. मग दहावीला पोरांना वाचता येत नाही म्हणून सगळे कपाळ बडवतात.

आता कामाचं बोलतो.

एका वेळी एकच गोष्ट सांग. नवख्याने वल्हं मारलं की तुला त्यात सात दोष दिसतील. त्यातला एक निवड, ज्यातून दुसरे दोष जन्माला येतात तो, आणि त्या दिवशी तेवढंच बोल. बहुतेक वेळा तो मुठीचा किंवा क्रमाचा असतो. पाय, पाठ, हात. परतताना हात, पाठ, पाय. हा क्रम अर्गोवर इतका बसू दे की पोरगं गप्पा मारतानाही तो चुकवणार नाही. पाण्यावर गेल्यावर रेट, म्हणजे मिनिटाला किती वेळा वल्हं मारतात तो, अठराच्या वर जाऊ देऊ नकोस, कितीही विनवण्या करोत. चौघांनी बोट स्थिर धरायची, चौघांनी वल्हवायचं. आठही जणांना एकदम मारू देण्याची घाई नको. आठांनी एकत्र मारलं की फोटो छान येतो, शिकणं थांबतं.

मोटारबोटीतून ओरडू नकोस. जवळ जा, थांब, नाव घेऊन बोल. सगळी पोरं पाठमोरी चाललेली असतात, पुढे काय आहे ते फक्त सुकाणू धरणाऱ्या कॉक्सला दिसतं. त्यांना आधीच भीती वाटत असते. म्हणून कॉक्सला सगळ्यात आधी तयार कर, आणि तोही उरलेल्यांतला नको. बुटकं, हलकं पोर दिसलं की त्याला सुकाणू देतात, त्याला बोलता येतं की नाही हे कुणी बघत नाही. बोटीतला प्रशिक्षक तोच असतो. तू किनाऱ्यावर असतेस, तो त्यांच्यासमोर असतो.

सुरक्षिततेत तडजोड नाही. पोहण्याची चाचणी स्वतः घे, कुणाच्या सहीवर विसंबू नकोस. बोट उलटली तर बोटीला धरून राहायचं, किनाऱ्याकडे पोहत सुटायचं नाही, हे पाण्यात उलटवून शिकव, तोंडी नव्हे. बोटीतल्या बुटांच्या टाचेची दोरी आणि बोटीच्या नाकावरचा रबरी चेंडू, दोन्ही रोज तपास. दोरी तुटकी असेल तर उलटल्यावर पाय बुटात अडकतो. दोरी बांधलेली नसलेली बोट पाण्यात गेली तर ती जबाबदारी तुझी, मुख्य प्रशिक्षकाची नाही. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीचं तोंडही बघायचं नाही. पावसाळ्यात पोरं कुरकुरतील की आम्ही रोइंगला आलो आणि तुम्ही जिना चढायला लावता. लावायचा. आणि जलपर्णीने पाणी झाकलं की ती काढायला सिनियर्सनाही बोलव. ते येणार नाहीत म्हणाले तर बैठकीत बोल.

याच नदीवर सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, बोट क्लब १९२८पासून आहे. तिथली रेगाटा पोरंच उभी करतात, वरच्या वर्षाची खालच्यांना शिकवतात. म्हणजे तुझ्या वयात शिकवायचं कसं, हा प्रश्न पुण्यात कुणी नव्याने सोडवायचा नाही. जा तिकडे, बघ, विचार. लाजू नकोस.

एक मात्र कर. हो म्हणण्याआधी मागून घे. नवख्यांना नेहमी तडा गेलेली बोट आणि वाकलेले रिगर, म्हणजे वल्हं टेकवायचे बाहेरचे दांडे, मिळतात, आणि मग म्हणतात पोरांना तोल नाही. वाकलेल्या रिगरवर ऑलिंपिकवाल्यालाही तोल येणार नाही. तेव्हा रुंद, सरळ, सगळे रिगर एका उंचीचे असलेली बोट नवख्यांच्या नावावर लावून घे. सकाळची पहिली वेळ माग, पाणी शांत असतं ती; सिनियर्स लाटांवर वल्हवू शकतात, नवखे नाही. आणि आठवड्यातून एक दिवस त्या बाहेरून येणाऱ्या सरांना नवख्यांसोबत उभं राहायला लाव. ते म्हणतील वेळ नाही. तू म्हण, मग पुढच्या वर्षी तुम्हाला मिळणारी मुलं मी कशी पाठवते ते बघा. हे उद्धटपणाचं वाटेल, वाटू दे.

हे मिळालं नाही तर मला कळव, मी बोलतो कुणाशी तरी. आणि मिळालं, पण तरीही तुला सिनियर बोटच हवी असेल, तर मग खरोखर प्लेसमेंटच्या तयारीला लाग. अर्ध्या मनाचा माणूस तिथे नको. मला वाटत नाही तू तशी आहेस. नवखी असताना तू अर्गोवरून पहिल्या दिवसापासून सगळ्यात शेवटी उठायचीस, ते माझ्या लक्षात आहे.

अर्गोंचं म्हणशील तर त्यांच्या साखळ्यांना बरेच महिने तेल लागलेलं नसणार. पोरं यायच्या आत ते करून घे, आणि स्लाइडच्या पट्ट्याही पुसून घे.

तुझा,
सर