सहलीला कुठली लेन्स?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जातोय. कॅनन क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यासोबत १८-५५ आणि ५५-२५० या झूम लेन्स आणि झूम नसलेली ५० एमएम एफ १.८ आहे. ताई, तिन्ही घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर : नको हो, लांबचं जवळ आणणारी ५५-२५० घरीच राहू द्या. मागे मी अशीच तिन्ही लेन्स गळ्यात-खांद्यावर मिरवत भाचीला घेऊन गेले होते. ती झुल्यावरून हात हलवतेय, "मावशी, इकडे!" म्हणून ओरडतेय आणि मी एका हातात लेन्स, दातांत झाकण धरून उभी. झुला थांबला, फोटो राहिला तो राहिलाच.

दिवसभर १८-५५ लावून ठेवा. १८ वर सगळं कुटुंब आणि मागची राइड मावते, ५५ वर चेहरा मिळतो. धावत्या राइडसाठी शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवा, उन्हात सहज जमतं. अंधार पडला की ५० लावा. जेमतेम १६० ग्रॅमची, पर्समध्येही मावते. एफ २ (लेन्सचं छिद्र मोठं, उजेड जास्त), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १६०० वर दिव्यांच्या उजेडात मुलांचे चेहरे छान येतात. मात्र क्रॉप सेन्सरवर ती ८० एमएमसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं, त्यामुळे चार पावलं मागे सरकावं लागेल.

मोठ्या पाळण्यात बसताना कॅमेरा लॉकरमध्ये ठेवा, नाहीतर खाली थांबणाऱ्या आजोबांकडे द्या. आजोबांना आधी बटण दाखवून ठेवा. आमच्याकडे निम्मे फोटो चपलांचे निघाले होते!