स्टाफमध्ये जाऊ की ऑपरेटरच राहू?

प्रश्न : मी हिंगणा एमआयडीसीत ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) ऑपरेटर आहे. परमनंट होऊन नऊ वर्षं झाली. बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 18,000, बाकी भत्ते धरून 27,040. ओव्हरटाइम डबल मिळतो, तासाला 260 रुपये. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला तीस तास होतो. आता कंपनी लाइन सुपरवायझर करतो म्हणते. सीटीसी 5 लाख 40 हजार. घरचे म्हणतात घे, युनियनवाले म्हणतात फसशील. ऑफरचा कागद सोबत जोडला आहे.
– एक वाचक, वानाडोंगरी

उत्तर : भाऊ, 5 लाख 40 हजार हा आकडा आधी बाजूला ठेवा. मी निवृत्त होईपर्यंत टाइम ऑफिसात पगारपत्रकंच केली. सीटीसी म्हणजे तुमच्यापायी कंपनीला पडणारा खर्च. तो सगळा खात्यात येत नाही. तुमच्या कागदाप्रमाणे महिन्याचे 45,000. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ 2,700, ग्रॅच्युइटीची (नोकरी संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांची) तरतूद 1,082, मेडिक्लेमचा हप्ता 700, आणि ‘व्हेरिएबल’ 4,500. हे शेवटचं वर्षाअखेरीस, तेही साहेबाने शेरा चांगला मारला तर. उरले 36,018. तुमच्या वाट्याचा पीएफ 2,700 आणि प्रोफेशनल टॅक्सचे 200 गेले की हातात 33,118.

आता आजचं बघा. 27,040 मधून पीएफ 2,160 आणि टॅक्स 200 वजा करून 24,680. वर ओव्हरटाइमचे 7,800. झाले 32,480.

फरक 638 रुपयांचा.

बरं, वेळेचं काय? सुपरवायझर शिफ्टच्या आधी येतो, मागच्या शिफ्टचं रिजेक्शन (नापास झालेला माल) समजून घेतो, आणि पुढचा माणूस लाइनवर उभा राहिल्याशिवाय त्याला निघता येत नाही. रोजचा दीड तास धरा, 26 दिवसांचे 39 तास. आज तीस तास थांबता त्याचे 7,800 मिळतात. उद्या 39 तास थांबाल, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

पण युनियनवाल्यांचं सगळंच खरं धरू नका. ओव्हरटाइम हा हक्काचा पगार नव्हे. दसरा-दिवाळीच्या आधी ट्रॅक्टरची मागणी चढते तेव्हा कंपनी तुम्हाला घरी जाऊ देत नाही, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी थांबा म्हणणारा कोणी नसतो. शिवाय ओव्हरटाइमवर पीएफ कापला जात नाही, ग्रॅच्युइटीतही तो धरत नाहीत. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक-डीएवर निघते : पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. 18,000 वर एका वर्षाचे 10,385 होतात, ऑफरच्या कागदातल्या 22,500 बेसिकवर 12,981. मागची नऊ वर्षंही नव्या दरानेच मोजली जातात, म्हणजे तेवढ्यावरच 23 हजारांहून जास्त वाढतात. मात्र सेवा अखंड राहिली पाहिजे. ‘आधी राजीनामा दे, मग नवीन ऑर्डर देतो’ असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा. असे राजीनामे माझ्या टेबलावरून गेलेले आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना आपण काय लिहून दिलं ते सांगावं लागलं.

बोनसकडे घरच्यांचं लक्ष गेलेलं दिसत नाही. कायद्याचा बोनस किमान 8.33 टक्के, आणि त्यासाठी 2015 च्या दुरुस्तीपासून चालत आलेली मर्यादा बेसिक-डीए मिळून 21,000 आहे. आज तुम्ही 18,000 वर आत आहात. 22,500 झाले की बाहेर. दिवाळीला स्टाफला काय देतात ते आधीच विचारा.

आणि कायद्यातली जागा बदलते, ही मला पैशाहून मोठी गोष्ट वाटते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनुसार (कायद्यांनुसार) सुपरवायझरचं काम करणारा आणि 18,000 हून जास्त पगार घेणारा माणूस ‘कामगार’ ठरत नाही. मग डबल ओव्हरटाइमचा हक्क गेला, युनियनच्या करारातली वाढ गेली, कपात झाली तर कामगाराला मिळणारं संरक्षणही गेलं. राहतं ते तुमच्या ऑर्डरमध्ये लिहिलं असेल तेवढं. एक मात्र आहे : कोर्ट हुद्द्याचं नाव बघत नाही, मुख्य काम काय ते बघतं. टोपीचा रंग बदलला आणि मशीन मात्र तुम्हीच चालवताय, असं असेल तर तुम्ही कामगारच. म्हणून कामाचं स्वरूप लेखी मागा.

माझं मत विचाराल तर या कागदावर सही करू नका, पण ऑफर फेटाळूही नका. व्हेरिएबलमधले निदान 2,500 पक्क्या पगारात आणा, जादा थांबल्याची बदली सुट्टी लिहून घ्या, सेवा अखंड धरली जाईल असं वाक्य घाला, आणि प्रोबेशनमध्ये कन्फर्म केलं नाही तर जुन्या जागेवर परत घेतील हेही. एवढं मानलं तर जा. लग्नाच्या बायोडाटात ‘सुपरवायझर’ शोभतं हे मलाही ठाऊक आहे, पण ते कारण पुरेसं नाही.

प्रश्न : अमेरिकेत गाड्यांच्या कारखान्यात तासावर काम करणारा ऑफिसातल्या पगारदारापेक्षा जास्त कमावतो, असं भाचा सांगतो. खरं का?
– एक वाचक, बुटीबोरी

उत्तर : होऊ शकतं. तिथल्या 1938 च्या कायद्याने तासावरच्या माणसाला आठवड्याला 40 तासांनंतर दीडपट द्यावे लागतात (आपल्याकडे दुप्पट), आणि बऱ्याच पगारदारांना ते मिळत नाहीत. 2023 मध्ये फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलांटिस इथल्या कामगारांनी संप करून एप्रिल 2028 पर्यंतच्या करारात मूळ दरात 25 टक्के वाढ मिळवली. पण बुटीबोरीत ठेकेदाराकडे रोजीवर जाणारा माणूस आणि तो, यांची तुलना करू नका. त्याच्यामागे लेखी करार आहे. ठेकेदाराने रोजी बुडवली तर मूळ कंपनीला ती भरावी लागते, हे मात्र आपल्या कायद्यातही आहे. त्यासाठी हजेरी दाखवावी लागते, म्हणून गेटपास आणि हजेरी कार्डाचा फोटो दर महिन्याला मोबाइलमध्ये काढून ठेवा.