गणितात ऑनर्स झाल्यावर एम.एससी. संख्याशास्त्रात करावी की कॉम्प्युटर सायन्समध्ये?

नोकऱ्या कशात जास्त, एवढ्यावरून ठरवू नका. दोन्हीकडे रोज काय करावं लागतं ते आधी बघा.

संख्याशास्त्राकडे वळलात तर तुमचं लिनिअर अल्जिब्रा लगेच कामी येतं. रिग्रेशनचंच घ्या, म्हणजे काही राशींवरून दुसऱ्या एका राशीचा अंदाज बांधणं. त्यातली लीस्ट स्क्वेअर्स पद्धत (अंदाजातल्या चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारी) म्हणजे निरीक्षणांच्या सदिशाचा, एक्स मॅट्रिक्सच्या (ज्या राशींवरून अंदाज बांधायचा त्यांच्या आकड्यांच्या) स्तंभांनी बनलेल्या अवकाशावर घेतलेला लंब प्रक्षेप. एक स्तंभ दुसऱ्याच्या पटीत निघाला की एक्स-ट्रान्सपोज-एक्सचा इन्व्हर्स निघत नाही आणि सहगुणकांना, म्हणजे अंदाजात प्रत्येक राशीला ज्या आकड्याने गुणायचं त्यांना, एकच एक उत्तर उरत नाही. हे चित्र डोळ्यांपुढे असेल तर सूत्रं पाठ करावी लागत नाहीत. म्हणूनच गणितवाल्यांना मी आधी संख्याशास्त्र सुचवतो. रिअल अ‍ॅनालिसिस मात्र पक्कं हवं. रशियन गणिती कोल्मोगोरोव्हने 1933 मध्ये संभाव्यतेची मांडणी मेझर थिअरीवर (संचांची मापं ठरवणाऱ्या, रिअल अ‍ॅनालिसिसला जोडून येणाऱ्या सिद्धांतावर) केली, आणि वरच्या पातळीवरचा सैद्धांतिक अभ्यास त्याच पायावर चालतो.

कॉम्प्युटर सायन्समध्ये सिद्धता लिहायची सवय अल्गोरिदम शिकताना फार उपयोगी पडते. पण ऑपरेटिंग सिस्टीम, कंपायलर, नेटवर्क हे विषय बहुधा अगदी पहिल्यापासून शिकावे लागतील. प्रोग्रॅमिंगचा मनापासून कंटाळा असेल तर तिकडे जाऊच नका.

ऑनर्सचा प्रबंध अजून बाकी असेल, तर विषय दोन्हींच्या सीमेवरचा निवडा. मार्कोव्ह साखळ्या (पुढची स्थिती फक्त आत्ताच्या स्थितीवर अवलंबून असते अशा यादृच्छिक प्रक्रिया) किंवा ऑप्टिमायझेशन (सगळ्यात चांगला पर्याय शोधणं) घेतलं, आणि त्यात स्वतः लिहिलेला थोडा कोड असला, तर अर्ज कुठेही करा, तोच प्रबंध दाखवता येईल.