केसर आंब्याच्या बुंध्याशी भुसा : माझी चूक तुम्ही करू नका (जरा लांबलंय)

दादा, नऊ वर्षांचं केसर, एक फांदी पिवळी पडून वाळली, बुंध्याशी लाकडाचा भुसा, आणि दुकानदार म्हणतो वाळवी आहे, असं तुम्ही लिहिलंय. वाळवी नाही हो, भिरूड आहे, म्हणजे खोड आतून पोखरणारी अळी. वाळवी खोडावर मातीचे थर चढवते, असा भुसा पाडत नाही.

तारेनं अळी ओढायची, भोक चिखलानं लिंपायचं, हे माहीतच असेल. माझं नुकसान झालं ते वेगळ्याच गोष्टीनं. वाळक्या फांद्या तोडल्या आणि सरपणाला म्हणून गोठ्यामागं रचून ठेवल्या. आंब्याचं लाकूड, लगेच जाळून टाकायचं जिवावर आलं. मृगाचे दोन पाऊस झाले आणि एका रात्री बल्बखाली दोन-दोन इंचांचे भुंगेरे, करडे, अंगावर पिवळसर ठिपके, मिशा अंगाहून लांब. लेकरांनी दोरा बांधून खेळवले. मी आपला हसत बघत बसलो! सकाळी ओंडका फोडला तर आत बोटाएवढी पांढरट अळी जिवंत. तोडलेल्या लाकडातही ती वाढते, तिथंच कोष करते आणि भुंगेरा होऊन परत बागेत जाते. पुढच्या दोन वर्षांत साठातली अकरा झाडं गेली.

आधी एका कार्यालयात डब्यात अळी घेऊन तीनदा गेलो होतो. साहेब दौऱ्यावर. चौथ्यांदा भेटले, तर डबा न उघडताच म्हणाले, झिंक कमी पडतंय. तोडलेली फांदी जाळून टाका, एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर! मराठवाडा केसरला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून फेटे बांधायला मात्र सगळे हजर.

मी काही कृषी पदवीधर नाही, माझ्या बागेपुरतं सांगतो. जुनी माणसं नुवान हे कीटकनाशक सांगतील. त्यातल्या डायक्लोरव्हॉसवर 2020 अखेरपासून बंदी आहे, त्या नादी लागू नका. दुसरं काही वापरायचं तर आंब्याला शिफारस आहे का ते लेबलवर बघा. मी पावसाळ्याआधी बुंध्याला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावतो : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. तिनं आतली अळी मरत नाही, पण खोडाच्या जखमा झाकल्या जातात; मादी अंडी घालते ती सालीच्या भेगांत आणि अशा जखमांतच. शेजारी रेशीमवाल्याची तुती असेल तर तिचे बुंधेही बघा, हीच कीड तिथंही असते. मोसंबीवर सालीला जाळी आणि भुशाचा पट्टा दिसतो ती साल खाणारी अळी, ते प्रकरण वेगळं.

आणि भोक ओळखा. कोरडं, स्वच्छ, गोल, बोट जाईल एवढं असेल तर भुंगेरा केव्हाच उडालाय. पहिल्या वर्षी निम्मं औषध मी असल्याच रिकाम्या घरांत ओतलं. आज संध्याकाळी बुंध्याचा सगळा भुसा झाडून घ्या. सकाळी ज्या भोकाखाली नवा, ओलसर भुसा पडलेला दिसेल, तिथंच तार घाला.