‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ एवढं पुरत नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सात वर्षांची आहे, शाळेतून थोडं अंतर एकटी चालत येते. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, हे तुम्ही तिच्याकडून घोकून घेतलंय. तरी मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ आले की तुमच्या पोटात गोळा येतो, आणि आता जीपीएसचं घड्याळ घ्यावं का, असा विचार चाललाय. मुलांना स्वसंरक्षण शिकवायचं काम मी बरीच वर्षं करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी त्या व्हिडिओंचं. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यात खेळणारं मूल उचलून नेतात, हा एक खूप फिरला. तो कराचीच्या ‘रोशनी’ नावाच्या संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केला होता. मूळ व्हिडिओत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि संदेशाची पाटी दाखवतात. हा शेवटचा भाग कापून टाकून तो भारतात ‘खरा प्रकार’ म्हणून पसरला. २०१८ साली अशा अफवांवरून ठिकठिकाणी माणसं मारली गेली. १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांचा जीव घेतला, मुलं पळवणारे समजून. तेव्हा असा व्हिडिओ आला की पुढे पाठवू नका, एवढीच माझी विनंती. आणि मुलीला तर दाखवूच नका. त्यातून ती काही शिकत नाही, रात्री तुमच्या कुशीत येऊन झोपते एवढंच.

अनोळखी माणसाने मूल पळवून नेणं घडतं, पण आपल्याला वाटतं त्याच्या मानाने फार क्वचित. अमेरिकेच्या न्याय खात्याने करवून घेतलेल्या पाहणीत १९९९ साली परक्याने किंवा तोंडओळखीच्या माणसाने मूल दूर नेणं, डांबून ठेवणं, खंडणी मागणं किंवा मारणं अशी गंभीर प्रकरणं सुमारे ११५ निघाली, २०११ साली सुमारे १०५. त्याच १९९९ च्या अंदाजात घरच्याच कुणीतरी मूल नेल्याची प्रकरणं दोन लाखांच्या वर होती, बहुतेक ताब्याच्या भांडणातली. देशोदेशी आकडे वेगळे असतील. पण भीती वाटते एकीकडची आणि धोका असतो दुसरीकडे, हे लक्षात ठेवून शिकवायला बसलं की शिकवणं बदलतं.

आता तुमचा नियम. मुलाच्या डोक्यातला ‘अनोळखी’ माणूस म्हणजे दाढीवाला, मळक्या कपड्यातला, गुरगुरणारा. गोड बोलणारी, नीटनेटकी, नावाने हाक मारणारी बाई त्यात बसतच नाही. एका शिबिरात सात वर्षांच्या मुलाने मला हा नियम न अडखळता म्हणून दाखवला. थोड्या वेळाने, त्याच्या आईवडिलांच्या परवानगीने, आमची एक सहकारी त्याच्याकडे गेली. त्याने तिला आधी कधीच पाहिलेलं नव्हतं. तिने दप्तरावरचं नाव वाचून हाक मारली, “अरे, तुझ्या आईला चक्कर आलीय, तिने मला पाठवलंय, चल पटकन.” पोरगा खाली वाकला, सँडलचा पट्टा नीट लावला आणि म्हणाला, “थांबा, माझी बाटली आत राहिलीय.” नंतर विचारलं तर म्हणे, “पण त्यांना माझं नाव माहीत होतं ना.” त्याच्या हिशोबाने त्याने नियम मोडलाच नव्हता. (दप्तरावर बाहेरच्या बाजूला नाव नको, आत लिहा.)

दुसरी अडचण अशी, की गर्दीत हरवलेल्या मुलाला अनोळखी माणसाशी बोलावंच लागतं. नियम पाठ असलेलं मूल तेव्हा तोंड मिटून भिंतीला टेकून बसतं, शोधणारे शेजारून निघून जातात. त्याला सांगायचं ते असं: आहेस तिथेच थांब, आईबाबांना मोठ्याने हाक मार, आणि मदत लागली तर गणवेशातला कर्मचारी किंवा सोबत मुलं असलेली बाई बघून तूच जाऊन सांग. मुलाने स्वतः निवडलेला माणूस आणि मुलाला हेरून आलेला माणूस यांत फार फरक आहे.

म्हणून मी माणसाकडे बोट दाखवणं सोडून दिलंय. मी शिकवते ते असं: ठरलेलं नसताना कोणाहीबरोबर कुठेही जायचं नाही, आधी आईबाबांना विचारायचं. कोणाहीबरोबर म्हणजे शेजारचे काका, शिकवणीचे सर, मैत्रिणीचा मोठा भाऊ, सगळे आले. ब्रिटनमध्ये ‘क्लेव्हर नेव्हर गोज’ या नावाने हेच शिकवतात. याचा मोठा फायदा असा, की मुलाला माणूस चांगला की वाईट हे ठरवावं लागत नाही. ते तुम्हाआम्हालाही धड जमत नाही. ‘चल’ हा शब्द ऐकला की त्याला एवढंच तपासायचं असतं, हे सकाळी ठरलं होतं का? ओळखीच्यांकडून होणाऱ्या त्रासालाही हाच नियम बराचसा पुरतो. नातेवाईकांना राग येईल, त्यांना आधीच सांगून ठेवा.

पण नियम बदलून पुन्हा पाठांतरच केलं तर सँडलचा पट्टा पुन्हा लावला जाईल. तालीम करावी लागते. अमेरिकेत १९८१ साली शाळेतही न जाणाऱ्या वयाच्या मुलांवर एक छोटा अभ्यास झाला. शिकवण्याआधी मुलं सांगणाऱ्याबरोबर सहज निघत होती. करून दाखवणं, करून घेणं आणि शाबासकी देणं, एवढ्या तीन गोष्टींनी ती ‘नाही, आधी विचारते’ म्हणून दूर जायला लागली. नंतरच्या अभ्यासांतही हेच दिसलं, नुसतं सांगून होत नाही, करून घ्यावं लागतं.

घरी हे खेळासारखं करा. तुम्ही रस्त्यावरची बाई व्हा. कधी “माझं कुत्र्याचं पिल्लू हरवलंय, शोधायला येतेस?”, कधी “गाडीत बस, फार ऊन आहे”, कधी फक्त “बाळ, हा पत्ता कुठे आला?” पत्ता विचारणारं मोठं माणूस लहान मुलाला का विचारतंय, हे मुलाला सुचत नाही. ते सांगावं लागतं. मोठ्यांना मुलांच्या मदतीची गरज नसते, ते मोठ्यांना विचारतात, असं मी सांगते. दर वेळी तिने मोठ्याने “नाही, आईला विचारते” म्हणायचं, चार पावलं मागे सरकायचं, वळायचं, धावायचं आणि घरी येऊन सांगायचं. सगळं उभं राहून, आवाजासकट. बसून पुटपुटलेलं चालत नाही. भूमिकाही उलट करा. ती पळवणारी होते तेव्हा तिला काय काय सुचतं ते ऐका, थक्क व्हाल. फसवून परीक्षा मात्र घेऊ नका. शिबिरात ते करतो तेव्हा पालक समोर असतात आणि लगेच मुलाला जवळ घेऊन समजावतो. घरी एकट्याने केलं तर मूल तुमच्यावरच अविश्वास दाखवायला लागतं.

कोणी हात धरलाच, तर तिथे सभ्यपणा संपला. ओरडायचं, लाथा, चावे, दप्तर टाकून द्यायचं, खांबाला किंवा कोणाच्याही पायाला मिठी मारायची. नुसतं रडून ओरडलं तर बघणाऱ्यांना हट्टी मूल वाटतं, म्हणून “हे माझे बाबा नाहीत!” हे शब्द तोंडात बसवा. गाडी असेल तर गाडीच्या तोंडाच्या उलट दिशेला पळायचं, वळवायला वेळ लागतो. पळवण्याचे प्रयत्न फसले त्या नोंदींमध्ये बहुतेक मुलांनी स्वतःच काहीतरी केलेलं दिसतं, हिसडा देऊन सुटणं, पळणं, बोंब मारणं. मोठ्यांशी उलट बोलायचं नाही, हे आपण मुलांच्या अंगात मुरवलेलं असतं, त्याला इथे अपवाद आहे हे तुमच्या तोंडून तिला ऐकू द्या.

परवलीचा शब्द ठेवला तर ठीक. तुम्ही कोणाला पाठवलंत तर त्याने तो सांगायचा. एकदा वापरला की बदला.

मोठ्या मुलांचं प्रकरण वेगळं आहे. तिथे परका माणूस गेममधल्या चॅटमधून येतो, महिनोन्‌महिने मित्र असतो आणि मूल आपल्या पायाने भेटायला जातं. तुमच्याकडे अजून अवकाश आहे, पण ‘आपल्या दोघांचं गुपित’ मागणारा मोठा माणूस ही धोक्याची खूण आहे, हे आत्ताच सांगून टाका.

मूल दिसेनासं झालंच तर चोवीस तास थांबायचं असतं ही समजूत डोक्यातून काढा. अमेरिकेत तर असं थांबायला लावू नये म्हणून १९९० साली कायदाच झाला. लहान मूल असेल तर आधी जवळपासचं पाणी बघा, टाकी, हौद, तळं, मग बंद गाड्या, कपाटं, पलंगाखाली. एकाने शोधायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने पोलिसांना फोन करायचा. जत्रा, प्रवास, मोठी गर्दी असेल त्या दिवशी निघताना तिचा पायापर्यंतचा एक फोटो काढा. ऐन वेळी कपड्यांचा रंग कोणालाही आठवत नाही. तिचं अंथरूण, कपडे, टॅब आवरायला घेऊ नका, पोलिसांना लागतील.

राहिलं घड्याळ. ते पळवणं थांबवत नाही, ते काढून फेकायला क्षणही लागत नाही. वाट चुकली, उशीर झाला यासाठी ते चांगलं आहे. पण ऑक्टोबर २०१७ मध्ये नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने मुलांची काही घड्याळं तपासली, तर त्यांतल्या काहींमध्ये परक्याला शिरून मूल कुठे आहे ते पाहता येत होतं. पुढच्याच महिन्यात जर्मनीने गुपचूप आजूबाजूचं ऐकवणाऱ्या मुलांच्या घड्याळांवर बंदी घातली. घेणार असाल तर ऐकण्याची सोय नसलेलं, सुरक्षिततेचे अपडेट देणाऱ्या कंपनीचं घ्या, आधीचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि फोन कोणाकोणाचे येऊ शकतात ती यादी तिला शेजारी बसवून भरा.