‘ईर्ष्यावान देव’: शब्द चुकलाय का?

एका वाचकाचा प्रश्न असा: मराठी पवित्र शास्त्रात दहा आज्ञांमध्ये ‘मी तुझा देव परमेश्वर ईर्ष्यावान देव आहे’ असं येतं. ईर्ष्या हा तर दुर्गुण, मग देव तो स्वतःच्या तोंडानं कसा सांगेल? जुन्या करारातला देव नीतिमान म्हणावा की नाही, या वादात एक बाजू हेच वाक्य पुढे करते. दुसरी म्हणते, हा भाषांतराचा घोळ आहे, मुळात अर्थ ‘निष्ठेचा आग्रह धरणारा’ असा आहे. खरं काय? आणि ‘ईर्ष्यावान’च का, ‘ईर्ष्याळू’ का नाही?

आधी सरळ उत्तर. घोळ नाही. मूळ हिब्रू शब्द ‘कन्ना’ आहे आणि तो हिब्रूतही तितकाच खटकतो. मराठीत बायबल आणणाऱ्यांनी सगळं इंग्रजीवरून उचललं, असं अनेकजण धरून चालतात. पण पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकलेल्या होत्या, केडगावला बसून त्या थेट मुळावरून भाषांतर करत होत्या आणि १९२२ साली वारल्या तोवर त्यांचं हेच काम चाललं होतं. तेव्हा ‘त्यांना हिब्रू कळलं नसेल’ ही पळवाट नको.

‘कन्ना’च्या धातूपासून ‘किन्आ’ हे नाम होतं. त्याचा वावर कुठं कुठं आहे ते पाहा. राहेलला मूल होत नाही, लेआला एकामागून एक होतात, तेव्हा राहेल बहिणीवर जळते (उत्पत्ती ३०). योसेफाची स्वप्नं ऐकून भावांच्या पोटात दुखतं (उत्पत्ती ३७). दोन्हीकडे हाच धातू आहे, आणि अर्थ आपल्या घराघरातल्या हेव्याचा. पण एलिया संदेष्टा होरेब डोंगरावर ‘मी सेनाधीश परमेश्वरासाठी झटलो’ म्हणतो (१ राजे १९) तिथंही हाच धातू आहे, आणि तिथं हेव्याचा मागमूस नाही. धगधगीत तळमळ आहे. दाविदाच्या गादीवर बसणाऱ्या मुलाचं वचन यशयाच्या ९व्या अध्यायात येतं, ते पुरं कोण करणार? तर परमेश्वराची ‘किन्आ’. जुन्या ग्रीक भाषांतरानं या नामासाठी ‘झेलोस’ वापरला. त्याच ग्रीक मुळातून इंग्रजीला दोन शब्द मिळाले, एक ‘जेलस’ आणि एक ‘झील’. १६११च्या इंग्रजी बायबलात दहा आज्ञांमध्ये पहिला आहे, यशयात दुसरा. एकाच हिब्रू शब्दाचा वाईट वाटा एका ठिकाणी आणि चांगला वाटा दुसऱ्या ठिकाणी गेला.

या शब्दाचा सगळ्यात बोचरा वापर मात्र गणना या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात आहे, आणि ‘निष्ठेचा आग्रह’वाल्यांनी तो जरूर वाचावा. नवऱ्याला बायकोचा संशय आला, साक्षीदार कुणी नाही, तर तो तिला याजकाकडे नेतो. सोबत एफा या मापाचा दहावा भाग सातूचं पीठ, त्यावर ना तेल, ना धूप. या अर्पणाचं नावच ‘ईर्ष्येचं अर्पण’, शब्द ‘किन्आ’चंच अनेकवचन. याजक मातीच्या भांड्यात पवित्र पाणी घेतो, निवासमंडपाच्या, म्हणजे तंबूतल्या देवस्थानाच्या, जमिनीवरची धूळ त्यात टाकतो, तिचे केस मोकळे सोडतो. शाप लिहून काढतो आणि ती अक्षरं त्या पाण्यात धुऊन ते कडू पाणी तिला पाजतो. दोषी असेल तर तिचं पोट फुगणार. निर्दोष निघाली तर सुटली; संशय घेणाऱ्याला दोष लागत नाही. उलट्या बाजूनं, म्हणजे बायकोला संशय आला तर, असा कुठलाही विधी दिलेला नाही.

आता गंमत अशी की ‘कन्ना’ हे विशेषण तोरेत, म्हणजे शास्त्राच्या पहिल्या पाच पुस्तकांत, फक्त देवासाठी येतं, माणसासाठी कधीच नाही. आणि दरवेळी विषय एकच: दुसऱ्या देवांच्या नादी लागू नका. होशेय आणि यहेज्केल या संदेष्ट्यांनी इस्राएल म्हणजे परमेश्वराची व्यभिचारी बायको हे चित्र रंगवलं आहे, आणि यहेज्केलाचा १६वा अध्याय तर आजही सभेत मोठ्यानं वाचवत नाही. म्हणजे ‘कन्ना’ म्हणवून घेणारा देव संशय घेण्याचा हक्क असलेल्या नवऱ्याच्या जागी उभा आहे. ‘निष्ठेचा आग्रह’ हे खोटं नाही, पण त्यातून कडू पाणी गाळून टाकलेलं आहे.

मग मराठीत काय म्हणावं? ‘मत्सरी’ म्हटलं असतं तर मात्र चूक झाली असती. मत्सर आपल्याकडे षड्रिपूंत बसलेला आहे. त्याला दुसऱ्याचं बरं बघवत नाही. ‘असूया’ही नको. अमरकोशात ‘अक्षान्तिरीर्ष्याऽसूया तु दोषारोपो गुणेष्वपि’ असा चरण आहे: ईर्ष्या म्हणजे सहन न होणं, आणि असूया म्हणजे गुणांतही दोष काढणं. ‘अक्षान्ति’ हे ‘कन्ना’ला फारच जवळचं आहे. संस्कृत काव्यशास्त्रातही मानाचे, म्हणजे प्रेमातल्या रुसव्याचे, दोन प्रकार सांगितलेत, प्रणयमान आणि ईर्ष्यामान. प्रियकर दुसरीकडे गुंतल्याचं कळलं की नायिकेला येतो तो ईर्ष्यामान. तिथं रुसायचा हक्क तिला आहे, हिब्रूत त्याला. पण ईर्ष्या शब्द नात्यातल्या तिसऱ्याशीच बांधलेला आहे, हे दोन्हीकडे सारखं.

शिवाय मराठीनं या शब्दाला दिलेलं वळण बघा. ‘ईर्षेला पेटून अभ्यास केला’ यात कुणाचं वाईट चिंतलेलं नाही. कोल्हापूर-सांगलीकडे निवडणुकीच्या बातम्यांत ‘चुरशीनं आणि ईर्षेनं मतदान’ हा शब्दप्रयोग इतका रुळलाय की बातमीदार तो झोपेतही लिहील. म्हणजे जळणंही ईर्ष्याच आणि झटणंही ईर्ष्याच. राहेलची आणि एलियाची, दोघांची ‘किन्आ’ एका मराठी शब्दात मावते, जे इंग्रजीला दोन शब्द खर्चूनही जमलं नाही. म्हणून ‘आवेशी देव’ किंवा ‘निष्ठाप्रिय देव’ असली दुरुस्ती कुणी सुचवली की मी कान टवकारतो. ती दुरुस्ती करणारा भाषांतर करता करता वादाचा निकालही देऊन टाकतो. ‘मत्सरी’ लिहिणाराही तेच करतो, फक्त उलट्या बाजूनं.

आणि हा वाद काही आजच्या टीकाकारांनी उकरून काढलेला नाही. दुसऱ्या शतकात मार्कियोन या ख्रिस्ती विचारवंतानं हा देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा अशी सरळ फाळणीच केली होती. यहुद्यांच्या तालमूद या धर्मचर्चेच्या ग्रंथात एक तत्त्वज्ञ रब्बान गमलिएल या धर्मगुरूला विचारतो, तुमच्या देवाला ईर्ष्या येते ती मूर्तीची न येता मूर्ती पुजणाऱ्याचीच का येते? गमलिएल म्हणतो, राजपुत्रानं कुत्रं पाळलं, त्याला बापाचं नाव दिलं आणि तो त्या कुत्र्याच्या नावानं शपथा घेऊ लागला, तर राजा कुणावर चिडेल, मुलावर की कुत्र्यावर? उत्तर हजरजबाबी आहे, पण त्यानं नवऱ्याची उपमा गुपचूप बदलून बापाची केली, हे नोंदवून ठेवतो.

खुद्द शास्त्रातच एक पुस्तक दुसऱ्याशी भांडतं. ‘ईर्ष्यावान देव आहे’ याच्या लगेच पुढे, बापाच्या अन्यायाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, असं येतं. यहेज्केल १८व्या अध्यायात त्याच्या नेमकं विरुद्ध सांगतो: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इथून पुढे बंद, जो पाप करेल तोच मरेल. गणना २५मध्ये फिनहास हा याजक एका इस्राएली पुरुषाला आणि मिद्यानी बाईला एकाच भाल्यानं भोसकतो, आणि परमेश्वर त्याच्या ‘किन्आ’चं कौतुक करून त्याला ‘शांतीचा करार’ देतो. तोरेच्या गुंडाळीत त्या ‘शालोम’ शब्दातला ‘वाव’ हे अक्षर लेखनिकानं मुद्दाम तुटकं लिहायचं, अशी परंपरा आहे. उभ्या दांड्याला मध्ये फट. खून करून मिळवलेली शांती अखंड नसते, असा त्याचा अर्थ पुढे लावला गेला. मला तो पटतो, पण तो अर्थ वाचणाऱ्यांचा आहे. मजकुरात देव फिनहासवर खूश आहे.

राहिला प्रत्यय. ‘-वान’ म्हणजे असलेला, गुणवान, धनवान. ‘-आळू’नं स्वभाव दिसतो: झोपाळू, लाजाळू, मायाळू. हिब्रूत ‘कन्ना’ ज्या साच्यात घडलाय त्यात ‘गन्नाव’ म्हणजे चोर आणि ‘दय्यान’ म्हणजे न्यायाधीश हे शब्दही घडतात. नेहमी तेच करणाऱ्याचा हा साचा. त्या हिशेबानं ‘ईर्ष्याळू’ रूपाला जास्त जवळ जातो. शिवाय निर्गम ३४ मध्ये आठच वचनं आधी हाच देव ‘दयाळू व कृपाळू, मंदक्रोध’ आहे, म्हणजे तीन ‘-आळू’ एका अध्यायात आले असते. (‘मंदक्रोध’साठी हिब्रूत शब्दशः ‘लांब नाकाचा’ असं आहे. तिथंही राग नाकावरच राहतो. नाक लांब म्हणून शेंड्यावर पोचायला वेळ लागतो.) पण ‘ईर्ष्याळू’ मराठी कानाला शेजारणीबद्दल बोलल्यासारखा लागतो, आणि भाषांतरकार बहुधा तिथंच बिचकले असावेत. छापील आवृत्तीत मी ‘ईर्ष्यावान’ला हात लावणार नाही, चर्चेत कुणी ‘ईर्ष्याळू’ म्हटलं तर खोडणारही नाही. ‘ईर्ष्या’ आणि ‘ईर्षा’ दोन्ही चालतात. ‘इर्षा’ मात्र नको, पहिलं अक्षर दीर्घच.