ब्रॅकेट कसा भरायचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलवर, म्हंजे मार्चमध्ये होणाऱ्या एनसीएएच्या (तिकडच्या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या) टुर्नामेंटवर थोडंसं लिहिलं होतं. ब्रॅकेट म्हंजे या टुर्नामेंटचा तक्ता, त्यात कुठली मॅच कोण जिंकणार ते आधीच भरायचं. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी सगळीकडनं पत्रं आली. आपल्या भागातली इतकी पोरं तिकडं शिकायला गेलीत की आता हा खेळ घरातलाच झालाय. सगळ्या पत्रांना जागा नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतोय.

दादा, आमच्या ग्रुपमधला एकजण तिकडं एमएस करतोय, त्यानं सगळ्यांना ब्रॅकेट भरायला सांगितलंय. मी क्रिकेट आणि कबड्डी सोडून काही बघत नाही, टीमांची नावंपण ऐकलेली नाहीत. कुठनं सुरुवात करू? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, टिळकवाडी)

घाबरू नको, तुला टाईज, म्हंजे कोण कुणाला लागतं तो तक्ता, वाचता येतो ना मग झालं. टीमा 68 असतात, पण त्यातल्या आठ टीमा आधी चार मॅच खेळतात, बहुतेक वेळा ओहायोमधल्या डेटन गावात, आणि उरतात 64. या 64 टीमा चार विभागांत, प्रत्येक विभागात 1 ते 16 नंबर. हा नंबर म्हंजे सीड, टुर्नामेंटची कमिटी टीमच्या ताकदीवरनं देते, 1 सगळ्यात भारी, आणि पहिल्या फेरीत 1 विरुद्ध 16, 2 विरुद्ध 15, 5 विरुद्ध 12 असं लागतं. हरला की घरी, दुसरा चान्स नाही. अशा 63 मॅच, आणि त्या सगळ्यांचा निकाल तू पहिला बॉल उडायच्या आधीच लिहून द्यायचास, पुढच्या फेरीत कोण येणार तेपण तुझ्याच अंदाजानं.

आता खरी गोष्ट ऐक. बहुतेक ठिकाणी पहिल्या फेरीतल्या बरोबर अंदाजाला 10 मार्क, मग 20, 40, 80, 160 आणि चॅम्पियन बरोबर आला तर 320. म्हंजे एकटा चॅम्पियन हा पहिल्या फेरीतल्या सगळ्या 32 मॅचएवढा. पोरं काय करतात, पहिल्या फेरीवर रात्र रात्र डोकं घालवतात आणि चॅम्पियन कुठलातरी आवडीचा लावून मोकळी होतात. उलटं कर. आधी चॅम्पियन ठरव, मग फायनलचा दुसरा, मग शेवटचे चार, आणि तिथनं मागं मागं ये. 64 टीमांची पद्धत 1985 ला आली, तेव्हापासून 2025 पर्यंत 40 टुर्नामेंट झाल्या (2020 ला कोविडमुळं झालीच नाही), त्यात 26 वेळा चॅम्पियन 1 नंबरचा होता. 1, 2, 3 मिळून 35 वेळा. एवढं कळलं तरी तुझा अर्धा ब्रॅकेट भरला असं समज.

सगळे म्हणतात 12 नंबरवाला 5 नंबरवाल्याला हरवतोच. मग चारही ठिकाणी 12 लावू का? आणि असं होतं तरी का? (निपाणी)

चारही नको हो. हिशेब बघितला तर साधारण तीन मॅचमागं एक मॅच 12 वाला मारतो, म्हंजे वर्षाला चारमधनं एक किंवा दोन. 2025 ला दोन ठिकाणी झालं, कोलोराडो स्टेटनं मेम्फिसला घालवलं आणि मॅकनीजनं क्लेमसनला. तुम्ही एक लावा, फार तर दोन, पण कुठले दोन ते बघून लावा.

का होतं ते महत्त्वाचं आहे. 12 नंबरच्या टीमा बऱ्याचदा छोट्या लीगच्या चॅम्पियन असतात, वर्षभर जिंकत आलेल्या, आणि त्यांच्यात तीन-चार वर्षं एकत्र खेळलेली पोरं असतात. 5 नंबरवाला मोठ्या लीगमधला, पण तिथं तिसरा-चौथा आलेला. म्हंजे दोघांत फरक कागदावर दिसतो तेवढा नसतो. दुसरं म्हंजे थ्री पॉइंटर, लांबनं मारलेला तीन पॉइंटचा शॉट. एखाद्या रात्री लांबनं मारलेले बॉल पडायला लागले की समोर कोणपण असूदे. 2024 ला 14 नंबरच्या ओकलंडनं 3 नंबरच्या केंटकीला 80-76 नं घालवलं, त्यात त्यांच्या एकट्या जॅक गोहल्कीनं 10 थ्री पॉइंटर मारले.

आणि एक गोष्ट लोक विसरतात ती म्हंजे खेळाची गती. जी मोठी टीम हळू खेळते, प्रत्येक वेळी 30 सेकंदांची शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट मारावाच लागतो) संपत येईपर्यंत बॉल फिरवते, तिच्या मॅचमध्ये दोघांना मिळून संधीच कमी मिळतात, आणि संधी कमी म्हंजे नशिबाला जागा जास्त. 2018 ची व्हर्जिनिया अशीच होती, डिफेन्स भयंकर पण खेळ संथ, आणि ती 1 नंबर असून 16 नंबरच्या यूएमबीसीकडनं 74-54 नं हरली, 20 पॉइंटनं! तोपर्यंत पुरुषांच्या टुर्नामेंटमध्ये 1 नंबरवाला पहिल्या फेरीत कधीच हरला नव्हता. म्हणून 5 आणि 12 बघताना विचारा, मोठा संथ आहे का आणि छोटा लांबनं मारतो का. दोन्ही हो असेल तर लावा बिनधास्त.

माझा मुलगा पर्ड्यूला शिकतोय. तो म्हणतो आई तू पण भर. त्याच्या कॉलेजला जिंकवलं तर हसतील का लोक? (शहापूर)

ताई, अजिबात हसणार नाहीत. मुलाच्या कॉलेजला जिंकवायचं नाही तर कुणाला, आणि तुम्ही भरला म्हंजे रात्री-अपरात्री फोनवर बोलायला तुम्हा दोघांना एक विषय झाला, त्याची किंमत मार्कांत नाही होत.

पर्ड्यूची गोष्ट तुम्हाला माहीत असूदे, मुलाला बरं वाटेल. 2023 ला ते 1 नंबर होते, त्यांच्याकडं सात फूट चार इंचांचा झॅक ईडी, आणि समोर फेअरली डिकिन्सन, 16 नंबर, जी उंचीनं देशातली सगळ्यात बुटकी टीम, तीपण डेटनची मॅच जिंकून आत आलेली. पर्ड्यू 63-58 नं हरली. सगळ्या देशात तोच विषय. पण तीच पोरं, तोच ईडी, पुढच्या वर्षी परत आले आणि थेट फायनलला गेले. तिथं कनेटिकटनं 75-60 नं हरवलं ते वेगळं, पण एवढ्या मोठ्या हारीनंतर एका वर्षात फायनल खेळणं ही साधी गोष्ट नाही. व्हर्जिनियानंपण तेच केलं होतं, 2018 ला तशी हरली आणि 2019 ला टेक्सास टेकला ओव्हरटाइममध्ये 85-77 नं हरवून चॅम्पियन.

मार्कांचंच बघायचं असेल तर एक करा, पर्ड्यूला चांगला सीड मिळाला तर मनासारखं भरा, आणि सात-आठ नंबर मिळाला तर दोन ब्रॅकेट भरा, एक मुलासाठी एक मार्कांसाठी.

मुलींचीपण अशी टुर्नामेंट असते का? आमच्या कॉलेजात मुलींची टीम आहे म्हणून विचारतेय. (बीएस्सी, खानापूर)

असते की, आणि तीपण 68 टीमांची. तू विचारलंस ते बरं केलंस कारण पत्रांत बाकी कुणी विचारलं नव्हतं. 2024 ला मुलींची फायनल, साउथ कॅरोलायना विरुद्ध आयोवा, अमेरिकेत 1 कोटी 80 लाखांहून जास्त लोकांनी बघितली, मुलांच्या फायनलपेक्षा जास्त. आयोवाकडं कॅटलिन क्लार्क होती, पण साउथ कॅरोलायना वर्षभर एकपण मॅच न हरता आली आणि 87-75 नं जिंकली. 2025 ला त्याच साउथ कॅरोलायनाला कनेटिकटनं 82-59 नं हरवलं, कनेटिकटच्या मुलींचं ते 12 वं टायटल.

अंदाजासाठी मोठा फरक हा की मुलींच्यात पहिल्या दोन फेऱ्या वरच्या 16 टीमांच्या स्वतःच्या कोर्टवर होतात, घरचं मैदान घरचे लोक, त्यामुळं उलटफेर कमी. तिथं वरचे सीड डोळे झाकून लाव. पण 16 नंबरवालीनं 1 नंबरला पहिल्यांदा हरवलं ते मुलींनीच, 1998 ला, हार्वर्डनं स्टॅनफर्डला त्यांच्याच कोर्टवर 71-67. मुलांना तिथं पोचायला अजून 20 वर्षं लागली. तुझ्या टीमला सांग हे.

आमच्याकडं इंटर कॉलेज बास्केटबॉल भरवायचा विचार चाललाय, 11 टीमा येतील. दरवेळी चिठ्ठ्या टाकून ड्रॉ काढतो आणि दोन चांगल्या टीमा पहिल्याच मॅचला एकमेकांना लागतात, मग भांडणं. काय करावं? (पीटी शिक्षक, चिकोडी)

सर, तुम्ही चिठ्ठ्या टाका पण सगळ्यांच्या नको. 11 टीमांना 16 चा तक्ता लागतो, म्हंजे पाच बाय (न खेळता थेट दुसरी फेरी) आणि पहिल्या फेरीत तीन मॅच, मग आठ टीमा राहतात. एकूण 10 मॅच, दोन दिवसांत आरामात. गेल्या वेळचे सेमीफायनलिस्ट चौघे तक्त्याच्या चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवा, त्यांना बाय द्या, पाचवा बाय आणि बाकीच्या जागा चिठ्ठीनं. हे आधीच नियमांत लिहून सगळ्या कॉलेजांना पाठवा, ड्रॉ काढताना प्रत्येकाचा एक माणूस समोर असूदे. भांडण ड्रॉवरनं होत नाही सर, आपल्याला न विचारता ठरवलं यावरनं होतं.

आणि तक्ता कॉलेजच्या बोर्डावर मोठा लावा, पोरांना अंदाज भरायला द्या. ज्या मॅचला नुसते खेळणारे आणि दोन-चार मित्र असतात तिथं गर्दी होईल, कारण प्रत्येकाचं काहीतरी त्या मॅचवर लागलेलं असतं.

लागलेलं म्हणजे पैसे का? आमच्यात काहीजण शंभर-शंभर म्हणूलालेत. (अनगोळ)

नको. ऑनलाइन पैशाच्या खेळांवर 2025 च्या कायद्यानं बंदीच आलीय, आणि कायदा बाजूला ठेवला तरी शंभराचे पाचशे व्हायला वेळ लागत नाही, आपल्या गल्ल्यांत क्रिकेटवरनं काय झालंय ते सगळ्यांनी बघितलंय. जो हरेल त्यानं सगळ्यांना कुंदा खायला घालायचा, एवढंच ठेवा.

मॅच आपल्याकडं कधी दिसतात? आणि शेवटी तुमचा स्वतःचा अंदाज सांगा, गोल गोल नको, ठोक सांगा. (वडगाव)

त्या दिवसांत न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं. पहिल्या फेरीच्या मॅच आपल्याकडं रात्री साडेनऊ-दहाला सुरू होतात ते सकाळपर्यंत. फायनल तिकडं सोमवारी रात्री, म्हंजे आपल्याकडं मंगळवारी सकाळी सव्वासहा-साडेसहाला, कामावर जायच्या आधी बघून होते.

आता अंदाज. सगळ्या मॅच बरोबर यायचा नाद सोडा, 63 मॅचचे निकाल किती प्रकारे लागू शकतात तो आकडा 9 आणि त्यापुढं अजून 18 आकडे एवढा आहे. आत्तापर्यंत सगळ्यात लांब गेल्याची नोंद ओहायोतल्या एका माणसाची, 2019 ला त्याच्या पहिल्या 49 मॅच बरोबर आल्या आणि 50 व्या मॅचला पर्ड्यूनं टेनेसीला ओव्हरटाइममध्ये हरवल्यावर साखळी तुटली.

माझा ठोक अंदाज असा. 16 नंबरवाला एकपण जिंकणार नाही, 2025 पर्यंतच्या 160 मॅचमध्ये दोनदाच झालंय. 15 वाला पण नाही. 12 वाले एक नक्की, 11 वाले दोन. चारही 1 नंबरवाले शेवटच्या चारात येणार नाहीत, ते फक्त 2008 आणि 2025 ला झालं, मी दोन धरतो. तिसरा 2 किंवा 3 नंबरचा, आणि चौथी जागा कुणाचं लक्ष नसलेल्या टीमला. 2024 ला नॉर्थ कॅरोलायना स्टेट 11 नंबरवरनं तिथं पोचली, तीपण आधी आपल्या लीगच्या स्पर्धेत पाच दिवसांत पाच मॅच जिंकून. पण 11 च्या खालचा कुणी धरू नका, शेवटच्या चारात 12 नंबरवाला आजपर्यंत आलेला नाही.

चॅम्पियन 1 नंबरचाच. 2017 पासून 2025 पर्यंत आठ टुर्नामेंट झाल्या, त्यात सात वेळा 1 नंबरवाला, फक्त 2023 ला कनेटिकट 4 नंबरवरनं जिंकली. चारपैकी कुठला, तर ज्याचं अटॅक आणि डिफेन्स दोन्ही देशात पहिल्या वीसात आहे आणि ज्याचे गार्ड, म्हंजे बॉल खेळवणारे खेळाडू, जुने आहेत, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे. 2025 ची फायनल आठवा, फ्लोरिडा दुसऱ्या हाफमध्ये ह्यूस्टनच्या 12 पॉइंट मागं होती, आणि चौथ्या वर्षाचा वॉल्टर क्लेटन पहिल्या हाफमध्ये एकपण पॉइंट झाला नाही तरी शेवटपर्यंत डोकं शांत ठेवून खेळला, 65-63 नं जिंकले. त्याच्याआधी सेमीफायनलला ड्यूकची कोवळी पोरं, कूपर फ्लॅगसारखा खेळाडू असून, हातातली मॅच ह्यूस्टनला देऊन बसली होती. नवीन पोरांची टीम कितीपण भारी दिसूदे, मी तिला फायनलपर्यंत नेतो, चॅम्पियन नाही करत.